बहिरेपणा, आकस्मिक
अंतर्कर्णातील किंवा श्रवण तंत्रिकेतील बिघाडामुळे ७२ तासांच्या आत, लगतच्या किमान तीन कंप्रतांवर ३० डेसिबेल वा अधिक श्रवणशक्ती गमावणे. बहुधा एकच कान जातो. सोबत कर्णनाद, कधी चक्कर. बहुतेकांत कारण सापडत नाही. विषाणुसंसर्ग किंवा शंखावर्ताचा खंडित रक्तपुरवठा ही अनुमानेच आहेत. तरीही हा विकार तातडीचाच मानला पाहिजे. सकाळी कानात दडा बसल्यासारखे वाटते, रोगी मळाला वा सर्दीला दोष देतो, थेंब घालत राहतो आणि मोलाचे दिवस निघून जातात. वास्तविक साधा नादकाटा फरक दाखवतो : तो कपाळावर टेकवला असता मळ असल्यास नाद बाधित कानात मोठा वाटतो, अंतर्कर्णाच्या दोषात निरोगी कानात. श्रवणमापनाने खात्री होते; श्रवण तंत्रिकेवरील गाठ वगळण्यासाठी एमआरआय करतात.

उपचार म्हणून स्टेरॉइड देतात. अनेक रोगी उपचाराविनाही सुधारतात आणि स्टेरॉइडांचा पुरावा भक्कम नाही, हा आक्षेप खरा आहे. विल्सन यांच्या १९८० च्या चाचणीत स्टेरॉइड घेतलेले ६१ टक्के, तर न घेतलेले ३२ टक्के सुधारले; पण रुग्णसंख्या लहान होती. मात्र आपोआप कोण बरा होईल हे आधी ओळखता येत नाही, अल्पकाळ दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडाची जोखीम बहुधा मर्यादित असते (मधुमेहींत साखरेवर लक्ष हवे) आणि लाभाची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असते. म्हणून मात्रा वाढवत न्यावी असे नाही : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत मोठ्या मात्रेने अधिक गुण आला नाही. सुधारणा अपुरी राहिल्यास कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात स्टेरॉइड टोचतात.