मणक्यातील कर्करोग : पाठीमागून पुढे आलेली शस्त्रक्रिया

एखादी शस्त्रक्रिया अपयशी ठरते, तेव्हा दोष शस्त्रक्रियेचा असतो की तिच्या मार्गाचा? मणक्यांत पसरलेल्या कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेट यांचा कर्करोग रक्तावाटे मणक्यांपर्यंत पोहोचतो. मणक्यांभोवतीच्या झडपाविरहित शिरांचे जाळे ही त्याची एक वाट असल्याचे ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवले. गाठ बहुधा मज्जारज्जूत नव्हे, तर मणक्याच्या पुढील भरीव भागात वाढते आणि रज्जूला समोरून दाबते. आधी पाठदुखी, मग पायांतील शक्ती जाणे आणि लघवीवरील ताबा सुटणे, हा क्रम कधीकधी काही दिवसांतच पूर्ण होतो.

दाब समोरून येत असताना शल्यविशारद मात्र अनेक दशके पाठीमागून जात राहिले. लॅमिनेक्टॉमीत मणक्याची मागील कमान काढली जाई. त्यामुळे गाठ जागेवरच राही आणि पुढून पोखरलेल्या कण्याचा मागचा आधारही जाई. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या गिल्बर्ट, किम आणि पोझनर यांनी २३५ रुग्णांचा आढावा घेतला. लॅमिनेक्टॉमीची जोड दिल्याने केवळ किरणोपचारांपेक्षा अधिक लाभ होत नाही, असे त्यांना आढळले. परिणामी शस्त्रक्रियाच मागे पडली.

पुढून जाण्याची वाट रुळली ती दुसऱ्याच रोगामुळे. मणक्याच्या क्षयात रोगग्रस्त भाग समोरून काढून तेथे हाडाचा तुकडा बसवण्याची पद्धत हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ मध्ये मांडली. पुढे हाच विचार कर्करोगालाही लागू झाला.

याच १९५६ साली दिल्लीत एम्सची स्थापना झाली आणि १९६५ मध्ये प्रकाश नारायण टंडन यांनी तेथे मेंदू व मज्जारज्जू शल्यचिकित्सेचा विभाग उभारला. त्या काळी रज्जूवरील दाब पाहण्यासाठी कमरेतून सुई घालून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडावे लागे. १९८६ मध्ये दिल्लीच्याच ‘इन्मास’ संस्थेत देशातील पहिले एमआरआय यंत्र आले. आपल्याकडे त्याचे महत्त्व दुहेरी आहे. खचलेला मणका दिसला की पहिला संशय क्षयाचा येतो. क्षय सहसा दोन मणक्यांमधील चकतीही नष्ट करतो, तर कर्करोग बहुधा ती शाबूत ठेवतो. हा फरक एमआरआयमध्ये दिसतो, अंतिम निर्णय मात्र ऊतीच्या तपासणीनेच होतो.

निर्णायक पुरावा २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली होती. एका गटाला रज्जूवरचा दाब थेट हटवणारी शस्त्रक्रिया व नंतर किरणोपचार, तर दुसऱ्याला केवळ किरणोपचार मिळाले. उपचारांनंतर चालू शकणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८४ टक्के, तर दुसऱ्यात ५७ टक्के होते. चालण्याची क्षमता टिकल्याचा मध्यक अनुक्रमे १२२ आणि १३ दिवस होता. जगण्याच्या कालावधीचा मध्यक होता १२६ आणि १०० दिवस. म्हणजे आयुष्य थोडेच वाढले, पण त्यातील बराच मोठा भाग स्वतःच्या पायांवर गेला.

हा निष्कर्ष सरसकट लागू होत नाही. ४८ तासांहून अधिक काळ पाय पूर्ण लुळे पडलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, तसेच किरणांना सहज दाद देणारे लिम्फोमासारखे कर्करोगही नव्हते. आज अनेक केंद्रांत संपूर्ण गाठ काढण्याऐवजी गाठ आणि रज्जू यांत काही मिलिमीटरची फट निर्माण करतात व उरलेल्या गाठीवर अचूक किरणांचा मारा करतात.

२०१९ मध्ये दिल्लीलगत झज्जर येथे एम्सच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे उद्घाटन झाले. संस्था वाढल्या, यंत्रे आली, तरी या आजारात निर्णायक ठरते ती वेळ. कर्करोग झालेल्या व्यक्तीला नवी, रात्री वाढणारी पाठदुखी किंवा पायांत अशक्तपणा जाणवल्यास ती तातडीची बाब समजावी. रुग्ण चालत रुग्णालयात पोहोचला, तर उपचारांनंतरही चालत राहण्याची शक्यता सर्वाधिक असते.