ती तोफ कान्होजींची नाही

परवाच्या रविवारी मुलीला घेऊन अलिबागला गेलो होतो. पनवेलहून सकाळची एसटी, पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबाग. ओहोटीची वेळ आधीच बघून ठेवली होती. ज्यांना चालायचं नसतं ते घोडागाडी करतात. आम्ही चपला हातात घेऊन ओल्या वाळूतून, कुठे घोटाभर तर कुठे थोड्या जास्त पाण्यातून कुलाबा किल्ल्यात पोचलो.

महादरवाजा झाला, सिद्धिविनायकाचं दर्शन झालं, पुष्करणी झाली. मग उत्तरेच्या तटाकडे चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफांपाशी आलो. फोटोसाठी नेहमीप्रमाणे रांग. एक काका नातवाला सांगत होते, "ह्या बघ कान्होजी आंग्र्यांच्या तोफा. ह्यांनीच इंग्रजांची जहाजं बुडवली." खोटं कशाला सांगू, मीही इतकी वर्षं हेच सांगत आलोय. तेवढ्यात मुलगी तोफेवर वाकून म्हणाली, "बाबा, यावर इंग्लंड लिहिलंय."

वाकून बघितलं. लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. आणि साल १८४९.

आता नुसतं इंग्लंड लिहिलंय म्हणून तोफ इंग्रजांची ठरत नाही. आपल्याकडे मराठ्यांनीही फिरंग्यांकडून तोफा विकत घेतल्यात. पण सालाचं काय करणार? कान्होजी आंग्रे गेले ४ जुलै १७२९ ला. म्हणजे तोफ ओतली गेली त्यांच्यानंतर तब्बल १२० वर्षांनी! तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी व्हिक्टोरिया होती.

मंडळी, आता कुलाब्याचा हिशोब सालावार मांडून बघा.

१९ मार्च १६८० ला शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं काम सुरू करवलं. पंधरा दिवसांत, ३ एप्रिलला महाराज गेले. काम संभाजी महाराजांनी पुरं केलं. पुढे इथूनच सरखेल कान्होजींनी कोकणच्या दर्यावर हुकमत चालवली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्रजांचा कमोडोर मॅथ्यूज खास विलायतेहून आला होता. किल्ला पडला नाही. बाजीराव पेशवे फौज घेऊन आंग्र्यांच्या मदतीला आले, पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतलं आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले.

मग हा किल्ला इंग्रजांना मिळाला कसा? तोफा डागून नाही, कागदावर. आंग्र्यांच्या घरात आधीच भाऊबंदकी माजली होती, संस्थान पोखरलं होतं. १८४० मध्ये वारस नाही हे कारण दाखवून कंपनीने ते खालसा केलं. डलहौसी हिंदुस्थानात यायच्याही आधीची ही गोष्ट. १८४२ मध्ये किल्ल्यातल्या लाकडी इमारतींचा लिलाव झाला आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लावला गेला. आज आत वाड्यांची नुसती जोती दिसतात. वाडे आगीत जळाले हे खरंच आहे, पण उरलंसुरलं असं विकलं गेलं, हे आपण पोरांना सांगत नाही.

आणि त्यानंतर सात वर्षांनी यॉर्कशायरमध्ये ही तोफ तयार झाली. म्हणजे ज्या तोफेला टेकून आपण "जय भवानी" म्हणत फोटो काढतो, ती आपल्या आरमाराची नाही. आपलं आरमार संपल्यावर आलेल्या मालकाची आहे.

आपल्या पनवेलशी ताडून बघा. ही तोफ ओतली गेली तेव्हा आपल्या शिरढोणला वासुदेव बळवंत फडके तीन-चार वर्षांचे होते. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, आणि कर्नाळा १८१८ लाच इंग्रजांकडे गेलेला. तोफ अशा राज्याची होती. तीस वर्षांनी, १८७९ ला, त्याच राज्याविरुद्ध रामोश्यांना बरोबर घेऊन फडके उठले. एका बाजूला असल्या तोफा, दुसऱ्या बाजूला मूठभर माणसं. हे कळल्यावर ती तोफ बघताना मला जरा वेगळंच वाटलं. अभिमान नाही वाटला, पण नजरही हटेना.

कुणी म्हणेल, काय फरक पडतो, भावना महत्त्वाची. मला वाटतं फरक पडतो. कान्होजींचं मोठेपण त्या लोखंडावर अवलंबून नव्हतंच. ते होतं गुरबा-गलबतांत, ती चालवणाऱ्या दर्यावर्दी माणसांत आणि भरती-ओहोटीच्या जाणकारीत. इंग्रजांची तोफ त्यांच्या नावावर चढवून त्यांचा मान वाढत नाही. उलट किल्ला गेला कसा, हा प्रश्नच आपण विचारायचं सोडून देतो. घरातलं भांडण, वारसाचा वाद, मग कागद, मग लिलाव. १७२१ ला ज्यांना दोन सत्ता मिळून हरवू शकल्या नाहीत, त्यांचं राज्य असं गेलं. पोरांना शिकवण्यासारखं खरं तर हेच आहे.

१ जानेवारी १९८१ पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं. जुन्या सातबाऱ्यांवर, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांवर ते अजून सापडेल. त्यामुळे हा किल्ला अलिबागकरांचा तेवढाच आपलाही.

तेव्हा जाऊन या. ओहोटीची वेळ बघून जा आणि भरती चढायच्या आत परत फिरा. तोफेपाशी फोटो जरूर काढा, पण आधी वाकून त्यावरची अक्षरं वाचा. बरोबरच्या पोरांनाच वाचायला सांगा. आम्हा मोठ्यांना पाठ झालेल्या गोष्टी पुसायला त्यांचीच नजर लागते, हे मी रविवारी शिकलो.