मोटारीतील फिकट कापडी अस्तराची स्वच्छता

मोटारीची आसने, दारांच्या आतील बाजू, छत व खिडक्यांमधील खांब यांवर बसवलेल्या बेज, हस्तिदंती किंवा फिकट राखाडी कापडावरील धूळ, मळ व डाग काढण्याच्या प्रक्रियेस मोटारीतील फिकट कापडी अस्तराची स्वच्छता असे म्हणतात. फिकट रंगामुळे गाडीचा अंतर्भाग प्रशस्त भासतो व उन्हात गडद कापडाच्या तुलनेत कमी तापतो. त्यामुळे भारतातील अनेक कौटुंबिक गाड्यांत असे अस्तर आढळते. मात्र त्यावर मळ लवकर दिसतो आणि तो काढताना झालेली चूकही तितकीच ठळक दिसते.

रचना

हे कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. पॉलिएस्टर पाणी फारसे शोषत नाही, परंतु तेलकट पदार्थ धरून ठेवते. आसनाच्या कापडाखाली जाड फोम असतो आणि जास्तीचे पाणी त्यात साठून राहते. छताच्या अस्तरात कापड व पातळ फोमचा थर कडक पाठपट्टीवर गोंदाने चिकटवलेला असतो. अतिरिक्त पाणी, वाफ किंवा जोराने घासणे यांमुळे ही चिकटण सुटते व कापड लोंबू लागते. ते पुन्हा जागेवर बसवण्यासाठी बहुतेकदा संपूर्ण छत उतरवून नवे अस्तर लावावे लागते. डाग राहिला तर पुन्हा प्रयत्न करता येतो, ही सोय सुटलेल्या छताबाबत नसते.

स्थानिक मळ व डाग

डागाचे स्वरूप प्रदेशानुसार बदलते. नागपूरच्या दक्षिण भागातील, वर्धा रस्त्यालगतच्या मनीषनगरसारख्या निवासी वसाहतीत पावसाळ्यात पादत्राणांबरोबर काळी माती गाडीत येते. या मातीतील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात. ओली असताना पुसल्यास ती धाग्यांत अधिक खोल जाते. म्हणून ती पूर्ण वाळू देऊन मऊ ब्रशने सैल केली जाते व नंतर व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतली जाते.

सावजी रश्श्याच्या डागात तेल व हळद असे दोन वेगळे घटक असतात. तेलासाठी सौम्य डिटर्जंटचे पातळ द्रावण पुरते. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य मात्र अल्कलीच्या संपर्कात तांबूस होते. घरोघरी सुचवला जाणारा धुण्याचा सोडा येथे नेमका उलट परिणाम करतो आणि पिवळा डाग लाल दिसू लागतो. तेल निघाल्यावर उरलेला पिवळेपणा उन्हात बराच फिका पडतो, कारण कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही.

विदर्भात प्रचलित असलेल्या खर्ऱ्याचा डाग अधिक चिवट असतो. त्यात सुपारीतील टॅनिन, तंबाखू व चुना एकत्र असतात आणि चुन्याच्या अल्कलीमुळे टॅनिनचा तांबूस-तपकिरी रंग गडद होतो. अशा डागावर प्रथम पाण्यात मिसळलेला पांढरा व्हिनेगर टिपून चुन्याचा परिणाम कमी केला जातो व त्यानंतर सौम्य डिटर्जंट वापरले जाते. जुना डाग पूर्णपणे जाईलच असे नाही.

पद्धत

कोरडी धूळ आधी काढणे हा सर्व पद्धतींचा पाया आहे, अन्यथा पाणी लागताच धुळीचा चिखल होतो. त्यानंतर आसनाच्या मागील किंवा खालच्या, सहसा न दिसणाऱ्या भागावर द्रावणाची चाचणी घेतली जाते. द्रावण थेट कापडावर न ओतता त्याचा फेस मायक्रोफायबर कापडावर घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपले जाते. शेवटी स्वच्छ ओलसर कापडाने साबणाचा अंश काढावा लागतो, कारण उरलेला साबण नवी धूळ धरून ठेवतो.

केवळ डागाचा ठिपका ओला केल्यास वाळताना मळ ओल्या भागाच्या कडेला जमतो व वलय उमटते. नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत द्रावण पुसण्याआधीच सुकते आणि ही अडचण वाढते. म्हणून काम सावलीत, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग एकसारखा ओलसर करून केले जाते. पावसाळ्यात अडचण नेमकी उलटी असते: फोम लवकर वाळत नाही, कुबट वास येतो व बुरशी धरते. अशा वेळी दारे उघडी ठेवून पंखा लावणे उपयोगी ठरते.

छत स्वच्छ करताना कापड जेमतेम ओलसर असावे लागते व घासण्याऐवजी एकाच दिशेने हलके पुसले जाते.

धोके

सोडियम हायपोक्लोराइटयुक्त विरंजक कापडाचा मूळ रंग घालवते. ते व्हिनेगरसारख्या आम्लाशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि गाडीच्या बंद, अरुंद जागेत तो विशेष घातक ठरतो. अनेक गाड्यांत छताच्या कडांत, खांबांत व पुढील आसनांच्या बाहेरील बाजूस एअरबॅग बसवलेल्या असतात, तर आसनांखाली त्यांच्या तारांचे जोड असतात. हे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. या भागांवर पाण्याचा फवारा किंवा वाफ सोडणे टाळले जाते.