शिराझ : दिंडोरी-निफाडच्या मळ्यातलं काळं द्राक्ष अन् बाटलीत मुरणारी वाईन

दिंडोरी, निफाड पट्ट्यात द्राक्ष म्हटलं की थॉमसन, सोनाका, शरद ही नावं डोळ्यासमोर येतात. याच पट्ट्यात काही मळ्यांत शिराझ नावाचं वाणही आहे. मणी बारीक, रंग काळा-निळा, साल जाड, आत बिया. खायला म्हणून बाजारात कुणी किलोभरसुद्धा नेणार नाही. पण याची वाईन चांगली साधली तर ती दहा-वीस वर्षं टिकते, आणि टिकताना तिची चव बदलत जाते. असं का होतं आणि शेतकऱ्याचा त्यात काय संबंध, त्याची ही माहिती.

वाण मूळचं कुठलं?

इराणमधल्या शिराझ शहरातून हे वाण आलं, अशी गोष्ट बरीच वर्षं सांगितली जायची. डीएनए तपासणीत ती टिकली नाही. द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश या आग्नेय फ्रान्समधल्या दोन वाणांच्या संकरातून हे द्राक्ष तयार झालं. फ्रान्समध्ये याला 'सिरा' म्हणतात. १८३२ मध्ये जेम्स बझ्बी यांनी युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या. तिथे हे वाण 'शिराझ' या नावाने रुजलं. बरोसा खोऱ्यात १८४० च्या दशकात लावलेल्या काही वेली आजही फळ देतात.

नाशिक जिल्ह्यात हे वाण गेल्या पंचवीसेक वर्षांतलं. सुला कंपनीच्या एका शिराझच्या बाटलीवर तर तालुक्याचंच नाव आहे : दिंडोरी रिझर्व्ह.

वाईन मुरते म्हणजे काय होतं?

लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात. रंग सालीतून उतरतो. सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं. कोरा चहा जास्त उकळला की जीभ आखडते, तोच हा तुरटपणा. शिराझची साल जाड, त्यामुळे रंगही गडद आणि टॅनिनही भरपूर. भारी वाईन पुढे ओक लाकडाच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष ठेवतात.

नवी शिराझ जांभळट-काळी, तुरट, जांभूळ-करवंदासारख्या पिकल्या फळांच्या वासाची असते. तिला काळ्या मिरीचा वासही येतो. त्यामागे रोटंडोन नावाचा पदार्थ आहे, आणि खऱ्या मिरीतही तोच असतो. शिराझमध्ये तो असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही.

बाटलीत वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो. रंग विटकरीकडे झुकतो. ताज्या फळाच्या जागी सुकं अंजीर, चामडं, तंबाखू असे वास येतात.

ग्रेंजची गोष्ट

ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स कंपनीत मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ मध्ये मुख्यतः शिराझपासून 'ग्रेंज' वाईन केली. सुरुवातीला चाखणाऱ्यांनी तिला नावं ठेवली. १९५७ मध्ये कंपनीने ती बंद करायला सांगितलं. शुबर्ट यांनी पुढची तीन वर्षं ती गुपचूप केली. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या, चव खुलली आणि १९६० मध्ये कंपनीनेच परत सुरू करायला सांगितलं. आज ती ऑस्ट्रेलियातली सर्वात नावाजलेली वाईन आहे.

मळ्यात काय वेगळं?

खाण्याच्या द्राक्षाला जीएचे डिप देऊन मणी फुगवतात. शिराझला उलट मणी बारीकच हवा, कारण मग रसाच्या मानाने साल जास्त मिळते. मुरणारी वाईन हवी असेल तर वेलीवर घडही कमी ठेवावे लागतात. काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, ब्रिक्स २२ ते २४ च्या आसपास आल्यावर.

माल कमी निघतो, म्हणजे दर चांगला हवा. अडचण इथेच आहे. वाइनरीने माल नाकारला तर बाजार समितीत त्याला गिऱ्हाईक नाही, आणि बियांमुळे बेदाणाही धड होत नाही. २००८ च्या मंदीनंतर अनेक वाइनऱ्यांकडे माल पडून राहिला, खरेदी घटली आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा काढून टाकल्या. म्हणून दर, ब्रिक्सची अट, कपात, पैसे कधी मिळणार आणि माल नाकारला तर काय, हे सगळं लागवडीआधी लेखी करारात असलेलं बरं.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखं

- 'जितकी जुनी तितकी चांगली' हे सरसकट खरं नाही. बहुतेक साध्या शिराझ दोन-तीन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात.
- मुरवायची बाटली अंधारात, १२ ते १६ अंश तापमानात, बूच असेल तर आडवी ठेवतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली वाईन मुरत नाही, बिघडते.
- तळाशी गाळ दिसला म्हणजे वाईन खराब, असं नाही.
- शिराझमध्ये साधारण १३ ते १४.५ टक्के अल्कोहोल असतं. वाईन 'तब्येतीला चांगली' हा समज चुकीचा आहे. दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.