गोठ्यातला इतिहास

बेळगाव-निपाणीच्या टापूत बैलांचा सण दोनदा येतो. काही गावे ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर करतात, तर काही आषाढात महाराष्ट्री बेंदूर. सण कोणताही असो, शिंगे रंगवून मिरवणारे बैल एकाच गोतातले असतात. १९५६ साली येथे राज्यांची सीमा आखली गेली. या जनावराची वंशावळ मात्र हजारो वर्षांची आहे.

गाय-बैल माणसाळले ते एकदा नव्हे, निदान दोनदा. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बिनवशिंडाची गुरे माणसाच्या आश्रयाला आली. सिंधूच्या पश्चिमेस, बलुचिस्तानातील मेहेरगढच्या परिसरात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी वशिंडाची गुरे पाळीव झाली. पेशीतील तंतुकणिका केवळ आईकडून वासरात उतरतात. त्या तपासून शास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवून दिले की, या दोन कुळांचे रानटी पूर्वज माणसाळण्याच्या फार पूर्वीच, लाखो वर्षांमागे, वेगळे झाले होते.

पुढे या कुळांचा संगम झाला. पश्चिम आशियातील प्राचीन हाडांतील जनुकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी, दीर्घ अवर्षणाच्या सुमारास, तेथील गुरांत वशिंडाच्या कुळाचे रक्त झपाट्याने मिसळले. मातृपरंपरा मात्र बहुतांशी जुनीच राहिली. याचा अर्थ उघड आहे. ऊन आणि तहान सोसणारे वळू लोकांनी पूर्वेकडून मुद्दाम आणविले असावेत.

आता आपल्या मुलखाकडे वळू. वेदगंगा-दूधगंगेचे पाणी ज्या कृष्णेला मिळते, तिच्या खालच्या अंगाला नवाश्मयुगीन गोपालकांचे राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. तेलंगणातील उटनूर येथे १९५७ साली ऑल्चिन यांनी असा एक ढिगारा खणला. ती राख जळलेल्या शेणाची निघाली. तेथे गुरांचा कोंडवाडा होता आणि जमिनीवर त्यांच्या खुरांचे ठसेही उमटलेले होते. पुणे जिल्ह्यातील इनामगावीही उत्खननात पाळीव गुरांची हाडे विपुल सापडली. पाठीच्या मणक्याचा काटा टोकाशी दुभंगलेला दिसला की जनावर वशिंडाचे, हे ओळखता येते. परंतु आपल्या उष्ण हवेत हाडांतील जनुके सहसा टिकत नाहीत. म्हणून दख्खनच्या गुरांची वंशावळ मुख्यतः जिवंत जनावरांच्या रक्तातच वाचावी लागते. आपला दप्तरखाना गोठ्यात आहे.

या दप्तरातील एक पान याच टापूचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी स्थानिक गुरांशी गीर, कांकरेज आणि ओंगोल यांचा संकर घडवून काळ्या जमिनीत नांगर ओढणारा भारदस्त बैल निपजविला. सरकारदरबारी त्या जातीला ‘कृष्णा व्हॅली’ म्हणतात. तिच्या शेजारी नांदणारा खिल्लार अंगाने सडपातळ, चालीने चपळ आणि माळरानाला साजेसा. एकाच मुलखात दोन तऱ्हांच्या जमिनीसाठी दोन तऱ्हांचे बैल! ‘शुद्ध जात’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण कृष्णाकाठच्या बैलाचे मोठेपण त्याच्या मिश्रणातच आहे. चार हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियाने जे केले, तेच येथल्या संस्थानिकांनी केले.

ट्रॅक्टर आला, परदेशी वळूंचा संकर वाढला आणि ही जात विरळ झाली. दूध वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अवर्षण, नवा रोग किंवा वाढता उन्हाळा आला की शेतकऱ्याला पुन्हा वेगळ्या रक्ताचा वळू शोधावा लागेल. आणि तो त्या दिवशी कोणाच्या तरी दावणीला असावा लागेल. जुना ताम्रपट मातीत पुरला गेला तरी शतकांनी हाती लागतो. जिवंत वंश एकदा तुटला, की तो पुन्हा खणून काढता येत नाही.