मागे कोण बघणार? जीपच्या आरशाची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा जे ऑफिसात इअरफोन न लावता गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना सुटलेल्या दोन-तीन गोष्टी इथे घातल्यात आणि माझं "म्हणजे बघा" पन्नास वेळा होतं, ते काढलंय.

आजचा विषय ऐकून एक मित्र म्हणाला, "आरशावर एपिसोड? सिरियसली?" हो, सिरियसली. जुन्या जीपला नवीन साइड मिरर बसवायचे होते, आणि ते करताना कळलं की ब्रॅकेट कुठे ठोकायचा हे १९४० च्या आसपास अमेरिकन लष्कराने आधीच ठरवून ठेवलंय.

जीप माझ्या काकांची. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. जुन्नर तालुक्यात शेती आहे, गाडी महिंद्राची एमएम ५४०, नव्वदच्या दशकातली. अजूनही ती टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला जाते. उजवीकडचा आरसा तीन वेळा वेल्डिंग मारून जोडलेला, डावीकडे आरशाच्या जागी दोन भोकं. इतकी वर्षं चाललं, कारण डावीकडे काकू बसायच्या. त्या मान बाहेर काढून सांगायच्या, "येऊ द्या, येऊ द्या... थांबा!" आता काकूंचे गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे आप्पा एकटेच जातात. आणि आप्पांना मणक्याचा त्रास आहे, मान वळतच नाही. मध्यंतरी हायवेवर डावीकडून आलेला एक दुचाकीवाला त्यांना दिसलाच नाही. तो पोरगा शेवटच्या क्षणी मातीत उतरला म्हणून वाचला. आप्पांनी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं.

आता जरा मागे जाऊ. खूप मागे.

गाड्या आल्या तेव्हा आरसा नव्हता. १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्लिश रेसिंग ड्रायव्हर बाईंनी महिलांसाठी मोटार चालवण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात सल्ला आहे की हातात धरायचा छोटा आरसा गाडीत ठेवा, अधूनमधून वर धरून मागचं बघा. म्हणजे पावडर-कुंकवाचा आरसा हाच पहिला रिअर व्ह्यू मिरर.

पुढचा किस्सा अमेरिकेतला. ३० मे १९११, पहिली इंडियानापोलिस ५०० मैलांची शर्यत. तेव्हा रेसिंगच्या गाडीत दोघं बसायचे, एक ड्रायव्हर आणि एक मेकॅनिक. मेकॅनिकचं एक काम म्हणजे मागे वळून कोण येतंय ते सांगणं. रे हॅरून या ड्रायव्हरची मार्मन वास्प गाडी मात्र एकाच सीटची होती. बाकीच्यांनी तक्रार केली की याच्यामागे बघणार कोण, हा सगळ्यांना घेऊन मरेल! तेव्हा हॅरूनने समोर चार दांड्यांवर एक आरसा बसवला. ही कल्पना त्याला काही वर्षांपूर्वी शिकागोत एका घोडागाडीवर दिसली होती म्हणे. तो शर्यत जिंकला, सरासरी वेग ताशी साधारण १२० किलोमीटर.

पण खरी गंमत पुढे आहे. नंतर हॅरूनने कबूल केलं की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्याला त्यात काहीच दिसलं नाही! ही थरथर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला यात दिसतो तो आपल्याकडचा क्लीनर. जुने लोक त्याला किन्नर म्हणायचे. ट्रकच्या डाव्या बाजूला लटकून पत्र्यावर थाप मारणारा. आपल्याकडे मागे बघण्याचं काम कितीतरी वर्षं माणूसच करत होता. एसटीत कंडक्टर घंटी मारतो, ट्रकच्या पाठीवर "हॉर्न ओके प्लीज" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मी तरी असा लावतो की बाबा, मी काही मागे बघणार नाही, तूच आवाज दे. सुरुवातीच्या बेसिक मारुती ८०० ला तर डावीकडचा आरसा यायचाच नाही. म्हणजे अर्धा रस्ता आपण कानावर चालवत होतो.

आता जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकन लष्कराला छोटी, हलकी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने १९४० मध्ये केला, पण प्रचंड संख्येने गाड्या बनवल्या विलीज आणि फोर्ड यांनी. दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त. या गाडीला दरवाजे नव्हते, आणि समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता यायची, म्हणजे गाडी बुटकी दिसते आणि काच उन्हात चमकून शत्रूला जागा कळत नाही. बरं, दरवाजाच नाही तर आरसा लावणार कुठे? म्हणून काचेच्या बिजागरीजवळ, बॉडीच्या पत्र्याला एक दांडी आणि तिच्यावर एकच गोल आरसा. तोही फक्त ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, कारण अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे.

ही जीप आपल्याकडे कशी आली? १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद अशी कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर त्यातले मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. (यावर वेगळा एपिसोड करायचाय, आठवण करा.) १९४८ मध्ये नाव झालं महिंद्रा अँड महिंद्रा. मुंबईत माझगावला विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून जुळवायला सुरुवात झाली. मग आली सीजे ३ बी. विलीजने ती १९५३ मध्ये काढली होती. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उंच केलं, तोच तो आपल्या ओळखीचा चेहरा. अमेरिकेत ती कधीच बंद झाली, आपल्याकडे ती आणि तिची भावंडं कित्येक दशकं चालली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. चालू असलेल्या कोडला कोण हात लावणार?

आणि या लेगसी कोडमध्ये एक भारी बग होता. आपल्याकडच्या जुन्या जीप बरीच वर्षं डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या! मागे "लेफ्ट हँड ड्राइव्ह" असं रंगवलेलं असायचं. विचार करा, रस्ता डावीकडून चालायचा आणि ड्रायव्हरही डावीकडे, गटाराच्या बाजूला. ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही, उजवीकडून मागून कोण येतंय तेही दिसत नाही. मग शेजारी बसलेला बघून सांगणार, "जाऊ द्या." पुन्हा तोच मेकॅनिक, तोच क्लीनर, त्याच काकू.

वडापची जीप आठवते का? आत पंधरा, मागे फुटबोर्डवर चार, आणि एक जण ड्रायव्हरच्याही उजवीकडे अर्धा बाहेर. आतल्या आरशात फक्त डोकी. आणि बाहेरच्या आरशात त्या उजवीकडच्या पाहुण्याचं कोपर.

ओके, आता काम. नाना पेठेत पार्ट शोधायला गेलो. पहिला प्रश्न, गोल की चौकोनी? गोल क्रोमचा आरसा जुन्या जीपला काय दिसतो! फोटोत तर एकदम झकास. पण आप्पांना फोटो काढायचा नव्हता. मागे क्रेट रचले की आतला आरसा बाद, त्यामुळे सगळं काम बाहेरच्या दोघांवर. उभट, मोठी काच घेतली.

दुसरा प्रश्न, सपाट काच की बहिर्गोल? बहिर्गोल काचेत जास्त रस्ता मावतो, पण प्रत्येक गोष्ट लहान दिसते, म्हणून लांब वाटते. अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूची काच सपाटच लागते, दुसऱ्या बाजूला बहिर्गोल चालते, पण तिच्यावर इशारा छापावा लागतो की वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मध्ये डायनासोर मागे लागतो आणि आरशात तेच वाक्य दिसतं, आठवलं? ती गाडीसुद्धा जीपच होती. आपल्याकडे दोन्ही बाजूंना बहिर्गोल सर्रास चालते. आपल्या आरशांसाठी एआयएस ००१ हे मानक आहे, त्याचं काम पुण्यातल्या एआरएआयमधून चालतं. दुकानात विचारून मार्कवाली काच घेतली. स्वस्तातल्या काचेत माणूस लाटांसारखा हलतो, तसली आप्पांना नको होती.

तिसरा प्रश्न थरथरीचा, म्हणजे थेट हॅरूनचा. डिझेल इंजिन, पाट्यांचं सस्पेन्शन आणि आमचा गावाकडचा रस्ता. इथे बीटेकचा पहिल्यांदा उपयोग झाला. एका टोकाला पकडलेल्या दांडीचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. बारा इंची दांडीऐवजी आठ इंची घेतली, तर तेवढ्याच जोराला वाकणं एक तृतीयांशाच्याही खाली येतं. पण फार आखूड केली तर क्रेटच्या पलीकडचं दिसत नाही. मधला मार्ग म्हणजे दांडी जरा लांब, पण खालून तिरकी दुसरी पट्टी देऊन त्रिकोण करायचा. जुन्या ट्रकच्या आरशांना असाच त्रिकोण असतो.

गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, "काचेच्या फ्रेमला मारून टाकू, सोपंय." पण फ्रेम पुढे पाडली की आरसाही जमिनीकडे बघणार. आप्पा उन्हाळ्यात काच पाडतात. म्हणून बिजागरीच्या खाली, बॉडीच्या पत्र्यावरच, जिथे विलीजने लावला होता तिथेच. डावीकडच्या जुन्या भोकांभोवती गंज होता. तो घासून रेड ऑक्साइड मारलं. पत्रा पातळ, नुसता बोल्ट आवळला तर हादऱ्याने कडेने चिरतो. त्यामुळे आतून लोखंडी पट्टी दिली, मध्ये रबराचं पॅकिंग, मग वायसर आणि नायलॉक नट. पाण्याच्या बाजूने थोडं सिलिकॉन. दोन्ही बाजू मिळून तीन तास लागले, त्यातला एक तास चहात.

शेवटी आरसे सेट करणं. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन इंजिनिअरने १९९५ मध्ये एक पेपर मांडला होता की आपण आरसे फार आत वळवून ठेवतो आणि स्वतःच्याच गाडीची कड बघत बसतो. बाहेर वळवा, ब्लाइंड स्पॉट कमी होतो. पद्धत उत्तम आहे, तुमच्या कारला आजच करून बघा. पण ती आतला आरसा चालू आहे असं धरून चालते, आणि आमचा तर क्रेटमागे गेलेला. म्हणून डावीकडे क्रेटची बारीकशी कड दिसेल एवढं ठेवलं. मी दुचाकी घेऊन मागे-पुढे झालो आणि आप्पा सीटवरून मान न हलवता सांगत राहिले, "दिसतोयस... दिसतोयस... आता गेलास." जिथे गेलो तिथे खडूने रेघ मारली, काच बोटभर बाहेर वळवली, परत फेरी. चौथ्या फेरीला "गेलास" आलंच नाही.

आप्पा म्हणाले, "आरं, पण ह्यो आरसा बोलत न्हाई." काकू ओट्यावरून म्हणाल्या, "बरंय, भांडत पण नाही."

तुमच्या घरी, गावी डाव्या स्टिअरिंगची जुनी जीप असेल, तर मागच्या पाटीचा फोटो नक्की पाठवा. पुढच्या एपिसोडला भेटू.