नजरेची वहिवाट

आपल्याकडे वहिवाटीचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या रानातून जायचा-यायचा हक्क. त्यावरून भावकीत डोकी फुटतात, कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगरी शेतकऱ्यांकडे सरकारने जी वहिवाट मागितली, ती मात्र अजब होती. जमीन तुमचीच, पेरा, कापा, गुरं चारा. फक्त तिच्यात जाहिरातीचा फलक उभारू नका, नवं बांधकाम काढू नका, मोठी झाडं विचारल्याशिवाय तोडू नका. शेजारून मोटाररस्ता जाणार होता आणि मोटारीत बसलेल्याला हे रान असंच्या असं दिसायला हवं होतं. सरकारला हक्क हवा होता तो बघण्याचा.

रस्त्याचं नाव ब्लू रिज पार्कवे. व्हर्जिनियातल्या शेननडोआ राष्ट्रीय उद्यानापासून नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानापर्यंत अ‍ॅपलॅशियन डोंगराच्या धारेधारेने जाणारा 469 मैलांचा, म्हणजे सुमारे 755 किलोमीटरचा रस्ता. मालमोटारींना बंदी, वेगाची मर्यादा ताशी 45 मैल. कुठं लवकर पोचायचं असेल तर या रस्त्याला लागण्यात काही अर्थ नाही. तो बांधला मुळात रेंगाळण्यासाठी आणि, खरं सांगायचं तर, मंदीत बेकार झालेल्या हातांना काम देण्यासाठी. शेजारचं टेनेसी राज्यही हा रस्ता आपल्याकडे ओढू पाहत होतं. 1934च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीस यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने कौल दिला आणि 11 सप्टेंबर 1935 रोजी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेजवळ पहिली कुदळ पडली.

रस्त्याचं रूप ठरवलं स्टॅन्ली अ‍ॅबट या पंचविशीतल्या आरेखकाने. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर परगण्यातल्या उद्यानमार्गांवर तो घडला होता. पण तिथले मार्ग शहरी बागांसारखे. इथं त्याला बाग नको होती. गवताची कुरणं, मक्याची शेतं, दगडी बांध, धान्याची कोठारं हे सगळं मोटारीच्या काचेतून सिनेमासारखं सरकत जावं, ही त्याची कल्पना. त्यासाठी पट्टा रुंद हवा. नेहमीच्या रस्त्याला लागते त्याच्या कितीतरी पट जमीन घ्यायचं ठरलं: व्हर्जिनियात मैलामागे 100 एकर खरेदीने आणि आणखी 50 एकरांवर ती नजरेची वहिवाट, नॉर्थ कॅरोलायनात मैलामागे 125 एकर सरळ खरेदी.

कागदावर सोपं होतं. पण नॉर्थ कॅरोलायनात कचेरीत नकाशा लागला की जमिनीची मालकी सरकारकडे जायची. मोबदल्याची झटापट मालकाने नंतर करावी. व्हर्जिनियातल्या वहिवाटीचा घोळ निराळा. आपल्याच रानातलं झाड आपण तोडायचं नाही, ही गोष्ट कितीजणांच्या गळी उतरणार? कुरबुरी इतक्या वाढल्या, की असा अर्धामुर्धा हक्क राखत बसण्यापेक्षा जमीन विकतच घेतलेली बरी, या निष्कर्षाला अधिकारी आले. आणि ज्याच्या हातात वजन, त्याची गोष्ट इथंही वेगळी. लिटल स्वित्झर्लंड नावाच्या थंड हवेच्या ठिकाणाचे मालक हेरियट क्लार्कसन हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. ते भांडले आणि 25,000 डॉलर घेऊन, वर पट्टा अरुंद करवून मोकळे झाले. तिथल्या मूळनिवासी चेरोकी लोकांनीही सोको खोऱ्यातली आपली मोजकी सपाट जमीन या रस्त्याला देण्याचं नाकारलं. बरीच वर्षं ताणल्यावर 1940मध्ये तडजोड झाली: पार्कवे डोंगरधारेवर गेला आणि खोऱ्यात लोकांच्या उपयोगाचा साधा रस्ता झाला.

अ‍ॅबटची एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती. सरकारजमा झालेली शेतं त्याने ओसाड पडू दिली नाहीत. पुष्कळशी आसपासच्या शेतकऱ्यांना कसायला भाड्याने दिली. अट एवढीच, की उतारावरची माती वाहून जाऊ द्यायची नाही. शेजाऱ्यांसाठी ‘ब्लू रिज पार्कवे न्यूज’ नावाचं छोटं बातमीपत्रही निघे. गावपण टिकवायचं तर गावात कोणी कसणारा हवा, हे त्याला कळलं होतं.

पण गावपण म्हणजे काय, हे ठरवलं कुणी? त्याचं उत्तर व्हर्जिनियातल्या मॅब्री मिलवर मिळतं. आपल्याला पाणचक्की म्हटली की औरंगाबादची आठवते. ही त्या मानाने अगदीच घरगुती. एड मॅब्री वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या पट्ट्यात लोहारकाम करून आलेला माणूस. 1910च्या आसपास त्याने इथं लोहारशाळा, लाकूड कापायचा कारखाना आणि मका दळायची चक्की असा पसारा मांडला. ओढ्याला पाणी बेताचं. लाकडी पन्हाळींनी आजूबाजूचे झरे जोडून आणले तरी चाक हळूच फिरायचं. त्याचा फायदा असा, की पीठ जात्यात तापून करपत नसे आणि त्याच्या पिठाला गिऱ्हाईक तुटत नसे. चार पैसे गाठीला आल्यावर नवराबायकोने फळ्यांचं दुमजली घर बांधलं.

1936मध्ये एड वारला, मागोमाग काही वर्षांनी त्याची बायको लिझीही गेली. जागा उद्यानखात्याकडे आली. 1942मध्ये खात्याने चक्की डागडुजी करून उभी केली आणि ते दुमजली घर पाडलं. का? तर ते पुरेसं खेडवळ दिसत नव्हतं! पुढे 1950च्या दशकात त्या जागी दुसरीकडून उचलून आणलेलं ओंडक्यांचं जुनं खोपटं बसवलं. कोळशाच्या पट्ट्यात लोहारकाम करून आलेला, करवतीचा कारखाना चालवणारा, दुमजली घरात राहणारा माणूस पर्यटकाच्या मनातल्या डोंगरी शेतकऱ्याशी जुळेना. तेव्हा त्याचंच घर बदललं. आज हा त्या रस्त्यावरचा सर्वांत जास्त छायाचित्रं निघालेला कोपरा. तो इतका कुठलाही वाटतो, की कनेटिकट किंवा आयोवातलं दृश्य म्हणूनही त्याची पोस्टकार्डं खपली आहेत.

हे प्रकरण इतिहासकार अ‍ॅन मिचेल व्हिस्नंट यांनी पार्कवेवरच्या 2006च्या पुस्तकात तपशिलाने उकललं. त्या डोंगरात लाकडाच्या वखारी होत्या, रेल्वे होती, पर्यटनाची हॉटेलं होती. जगापासून तुटलेलं खेडं ही कल्पना बरीचशी रस्ता आखणाऱ्यांची होती. तरीही, कुठल्याही महामार्गाच्या दुतर्फा ढाबे, फलक आणि प्लॉटच्या जाहिराती पाहिलेल्या माणसाला या अट्टहासाचा पुरता राग येत नाही.

शेवटचा तुकडा ग्रँडफादर माउंटन नावाच्या डोंगरावर अडला होता. मालक ह्यू मॉर्टन यांनी वरच्या बाजूने रस्ता नेऊ दिला नाही. मग 1983मध्ये 153 काँक्रीट तुकड्यांचा लिन कोव्ह पूल कडेला लगटून झाला. त्यांतला सरळ तुकडा एकच. 1987च्या 11 सप्टेंबरला, बरोबर बावन्न वर्षांनी, सगळा रस्ता पूर्ण झाल्याचा समारंभ झाला.

आताची अडचण पट्ट्याबाहेरची आहे. सरकारच्या मालकीची चिंधोटी संपली, की पुढचा डोंगर खासगी. तिथं बंगल्यांची वसाहत उठली तर नजरेला अडवणार कोण? म्हणून भूसंवर्धन न्यास आजूबाजूच्या मालकांकडून पुन्हा तीच जुनी वहिवाट मिळवत हिंडतात, या वेळी राजीखुशीने. त्यातच 27 सप्टेंबर 2024ला हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातल्या भागात पन्नासहून अधिक ठिकाणी दरडी पाडल्या.

रस्त्याकडेला ओंडके फाडून रचलेली नागमोडी कुंपणं अजून दिसतात. पार्कवे होत होता तेव्हा या डोंगरातले अमेरिकन चेस्टनट एका परदेशी बुरशीने वाळून उभे होते. त्याच मेलेल्या झाडांचं लाकूड कुंपणांना लागलं. आता एखादं लाकूड कुजलं, तर बदलायला तसं लाकूड मिळणं मुश्कील. जंगलात जुन्या मुळांतून चेस्टनटचे फुटवे अजून येतात. थोडे मोठे झाले की बुरशी त्यांना गाठते.